भातकातळ

नांदळ्याची नाळ, म्हणजे डोंगरातली घळीची वाट, उतरून खाली आलं की ओढ्याच्या अलीकडे एक काळा कातळ लागतो. अंगणाएवढा पसरट. त्याच्या अंगावर पांढरे ठिपके आहेत, भाताच्या शितांएवढे. कुठे एकेकटे, तर कुठे मूठ सांडावी तसे दाटीने. नखाने खरवडले तरी निघत नाहीत. शहरातून डोंगर चढायला आलेली मंडळी उतरताना इथे हमखास बसतात, बूट काढतात, पाय लांब करतात. मग लांबून कुणाची तरी हाक येते, "अहो, उठा तिथनं! भातावर बसलात!" मंडळी दचकून उठतात, खाली पाहतात आणि गावाला वेड्यात काढतात. गाव त्या कातळाला वळसा घालून जातं, डोक्यावर मोळी असली तरी.

आणि मग ही मंडळी गावात जेवायला थांबली की आणखी एक गंमत होते. पानाआधी करवंटीतून तपकिरी, कडसर काढा येतो. तो प्यायला की पातळ पेज, तीही करवंटीभरच. मग पानात भात येतो, तो लहान मुलाला वाढावा एवढा. दिवसभर चाललेली तरुण माणसं ती; दोन घासांत पान स्वच्छ. घरची बाई भाताचं भांडं घेऊन समोर उभी असते, पण वाढत नाही. नुसती उभी राहते आणि पाहुण्याच्या तोंडाकडे बघत राहते. पाहुणे एकमेकांकडे बघतात. कुणी पाणी पिऊन उठतो आणि बाहेर गेल्यावर म्हणतो, "काय चिकट लोक आहेत!"

अशा वेळी देवळाची दिवाबत्ती बघणारे भालेकर आजोबा त्यांना ओट्यावर बसवून घेतात. ही हकिकत सांगून सांगून आजोबांचा जीव विटला आहे. पण गावाला कुणी चिकट म्हटलं की त्यांना सांगावीच लागते, आणि एकदा सुरू केली की ते मधलं काही गाळत नाहीत.

फार मागे, कुणाच्या पणजोबाच्याही आधी, देशावर दुष्काळ पडला होता. नाळेच्या वर पाऊस नाही म्हणजे नाहीच, आणि खाली नांदळ्यात मात्र भात होत होता. तेव्हा वरची माणसं नाळ उतरून कोकणात येऊ लागली. बाजारहाटाला येणारी नव्हेत, नुसती जगायला.

नाळेच्या पायथ्याशी तेव्हा एक धर्मशाळा होती आणि तिथलं सदावर्त कोंडाई नावाच्या बाईकडे होतं. नाळ उतरून आलेलं माणूस उपाशी पुढे जाऊ द्यायचं नाही, असा वसा तिच्या सासरच्या कुणी पूर्वजाने वाघजाईपुढे घेतला होता. गाव घरटी भात घालायचं आणि कोंडाई रांधायची. नवरा तरुणपणीच नाळेत बैलासकट गेला. सासू होती, तीही गेली. जाताना तिने सुनेचा हात धरून एवढंच सांगितलं होतं, "हात आखडू नको गो." कोंडाईने हात कधी आखडला नाही. पाहुण्याला ढेकर येईपर्यंत वाढायचं, नको म्हटलं तरी वाढायचं, पानावर आडवा हात धरला तर हाताच्या बाजूने वाढायचं, अशी तिची ख्याती होती.

तिला एकच लेक, ठकू. ती नाळेच्या वर, देशावरच्या एका गावात दिलेली. दुष्काळ पडल्यापासून तिची खबर नव्हती. रोज संध्याकाळी भांडी घासून झाली की कोंडाई नाळेच्या तोंडाकडे बघत बसायची. वरून उतरणाऱ्या प्रत्येक बाईची चाल ती लांबूनच ओळखायला बघायची.

उतरणारी माणसं कशी होती, ते भालेकर आजोबा फार सांगत नाहीत. पोटं खपाटीला, पाय सुजलेले, एवढंच म्हणतात. कोंडाई त्यांना बसवायची, पानं मांडायची आणि वाफेचा भात वाढायची, वर कुळथाचं कढण आणि घरी असेल ते तूप. माणसं जेवायची, रडायची, तिला दुवा द्यायची. आणि मग त्यातली कितीतरी सकाळपर्यंत मरून जायची. पोट धरून, घाम येऊन, जेवलेल्या जागेपासून चार हातांवर.

गावाला काही कळेना. पाण्यात काही आहे म्हणून पाणी वरच्या झऱ्यावरून आणलं. हंडा बाटला म्हणून नवा हंडा घेतला. वाघजाईला कोंबडं दिलं. माणसं मरतच राहिली. कोंडाईला वाटलं, आपण द्यायला उशीर करतो, आपलं देणं कमी पडतं. म्हणून तिने आणखी वाढायला सुरुवात केली. बसल्या बसल्या पहिल्याच पानात डोंगर रचायची, मागे लागून खायला घालायची. "खा रे बाबा, खा, उपाशी नको जाऊ." तो बिचारा तिच्या शब्दाखातर चार घास जास्त खायचा आणि मग जायचा.

ओढ्याच्या पलीकडे माती उकरून उकरून गावाचे हात दुखून आले. कोंडाई तर पार थकून गेली. रांधून नव्हे, रांधायची तिला सवय होती. संध्याकाळी जो आपल्या हातचं जेवून हसला, त्यालाच सकाळी उचलायचं, याने ती थकली. पहाटे चूल पेटवायला उठताना तिला वाटायचं, आज नको. आणि तरी ती उठायची, कारण आज कदाचित ठकू उतरेल.

त्या दिवसांत धर्मशाळेच्या कोपऱ्यात एक परका माणूस पडलेला होता. चेऊल बंदरातून बैलांच्या तांड्याबरोबर तो देशावर निघाला होता म्हणे. वर दुष्काळ आहे हे कळल्यावर तांडा पायथ्यावरूनच माघारी फिरला. हा ओकून ओकून चालेनासा झालेला, म्हणून तांडा त्याला इथेच टाकून गेला. पिवळसर वर्ण, बारीक डोळे, हनुवटीवर मोजके केस. चीन देशाचा होता असं सांगतात. त्याच्या उशाला एक पडशी होती. तिच्यात सुंठ होती, ज्येष्ठमधासारखी कसलीशी गोड मुळी होती, मोड आणून भाजलेले सातूचे दाणे होते, या मुलखात कुणी न पाहिलेल्या तांबड्या आंबट फळाच्या चकत्या होत्या. आणि सगळ्यांत जास्त होत्या त्या नारिंगाच्या वाळक्या साली, जुन्या, काळ्या पडलेल्या, चामड्यासारख्या कडक. सगळी पोटाची औषधं. जहाजावरच्या लोकांना तो हेच उकळून द्यायचा, आणि त्याचं स्वतःचं पोट मात्र समुद्राने पार बिघडवून टाकलं होतं. त्याचं नाव कुणाला उच्चारता येईना, म्हणून त्या सालींवरून गाव त्याला सालबा म्हणू लागलं.

कोंडाईने त्याच्यापुढेही पानभर भात ठेवला. त्याने दोन्ही हात जोडले आणि पान बाजूला सारलं. या दारात भाताला नको म्हणणारा माणूस तिने पाहिला नव्हता. तिला रागच आला. सालबाने तीन दगड मांडून सालीचा तुकडा आणि सुंठ उकळली, घोट घोट प्यायला, आणि बऱ्याच वेळाने तिच्याच भाताची चार शितं पाण्यात शिजवून ते पाणी प्यायला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी शितं थोडी वाढली. हळूहळू तो भिंतीला टेकून बसायला लागला.

मग एक म्हातारा धनगर उतरला. त्याला बसताही येत नव्हतं, त्यामुळे पंगतीत त्याचं पान मांडलंच नाही. सालबाने त्याला आपल्या शेजारी ओढून घेतलं आणि आपल्यातलं थोडं थोडं पाजलं. त्या दिवशी पोटभर जेवलेली माणसं गेली, आणि न जेवलेला धनगर चार दिवसांनी उठून ओढ्यावर तोंड धुवायला गेला.

कोंडाईने हे पाहिलं, पण मनाशी येऊ दिलं नाही. पुढच्या पंगतीला ती पळी भरून निघाली, तेव्हा सालबा लटपटत आला आणि त्याने तिचं मनगट धरलं.

"माझ्या दारात माझा हात धरतोस?" ती ओरडली.

त्याला भाषा येत नव्हती. त्याने ओढ्यापलीकडच्या मातीच्या ढिगांकडे बोट दाखवलं. मग तिच्या पळीकडे दाखवलं. आणि मान हलवली.

कोंडाई तिथेच खाली बसली. कळायचं ते तिला कळलं, आणि ते तिला सोसेना. आजवर ती म्हणत आली होती की माझ्या दारात आले पण वाचले नाहीत. आता तिला दिसलं की तिने वाढलं म्हणून ते गेले. मायेने वाढलं, म्हणून लवकर गेले. ती रडलीही नाही म्हणे. पंगत तिच्याकडे बघत बसली होती, आणि पळीतला भात तिच्या मांडीवर निवत होता.

त्या दिवसापासून नांदळ्याचं सदावर्त बदललं. उतरलेल्या माणसाला आधी सालीचा काढा, करवंटीभर. मग थांबायचं. मग पेज, करवंटीभर. पुन्हा थांबायचं. भात तीन-चार दिवसांनी, तोही चिमूटभर. पडशीतले सातूचे दाणे संपले तेव्हा कोंडाईने नाचणीला मोड आणून तिचं सत्त्व घातलं. साली संपत आल्या तेव्हा ओढ्याकाठच्या आंबट नारिंगाच्या साली काढून चुलीवर टांगल्या. साल जितकी जुनी तितकी गुणाची, हे सालबाने तिला खुणांनी शिकवलं. अंगात ताकद आल्यावर तो चेऊलकडे निघून गेला. कुणी म्हणतं त्याला जहाज मिळालं, कुणी म्हणतं नाही. पडशी तो कोंडाईकडे ठेवून गेला.

मरणं कमी झाली. पण दुवाही बंद झाली. भुकेलेल्या माणसाला भाताचा वास येत असताना काढा पाजायचा म्हणजे काय, ते कुणी करून बघावं. माणसं तिच्या पाया पडायची, मग शिव्या द्यायची. कुणी तिच्या अंगावर करवंटी फेकली. गावातही कुजबुज सुरू झाली, कोंडाई भात चोरते, कोंडाईचा हात आखडला. जिची ख्याती वाढण्याची, तिला लोक कवडीचुंबक म्हणू लागले. सासूला दिलेला शब्द तिला रात्रंदिवस टोचायचा. परक्यांच्या शिव्या ती गिळायची, कारण ती माणसं जगत होती. एकाच गोष्टीची तिला धास्ती होती. लेक उतरली तर तिच्यापुढे आपला हात आवरेल का?

ठकू उतरली ती भर दुपारी. चालीवरून ओळखू येण्यासारखी ती राहिली नव्हती. धर्मशाळेच्या दाराशी येऊन "आये" म्हणाली, तेव्हा कोंडाईला कळलं. बरोबर कुणी नव्हतं. सासरचं कोण उरलं, हे कोंडाईने विचारलं नाही आणि ठकूने सांगितलं नाही.

कोंडाईने लेकीला पोटाशी धरलं, तिचं तोंड पुसलं, आणि पडशीच्या तळाशी मुद्दाम राखून ठेवलेली सालबाची शेवटची जुनी साल काढून काढा केला. ठकू तो गटागट प्यायली. मग पेज. तीही संपली. बाहेर दारासमोरच्या काळ्या कातळावर भाताचा हंडा उतरवलेला होता. तब्येत सुधारलेल्या माणसांची पंगत बसायची होती, आणि वाफ थेट दारात येत होती.

"आये, वाढ ना गो," ठकू म्हणाली.

"थांब बाय. जरा थांब."

"आये, वाढ ना."

"उद्या वाढीन बाय. परवा वाढीन. आज नको."

ठकू म्हणाली, "नाळभर मी काय म्हणत आले, ठाव हाय? आयेच्या दारात गेलं का भात मिळंल, म्हणत आले. दुसरं काय बी म्हणलं नाय."

कोंडाईचा हात खरोखरच पळीकडे गेला होता, असं सांगतात. एक पळी. लेकीला एक पळी. मनगट धरायला सालबा नव्हता. तिने हात मागे घेतला आणि पेजेचं भांडं आणायला आत वळली. तेवढ्यात ठकू उठली. कुठून बळ आलं कोण जाणे, ती धावत हंड्याशी गेली आणि दोन्ही हात भातात घातले.

कोंडाई धावली. लेकीला ओढायला गेली तर ओढवेना. उपाशी माणसाच्या हातात केवढा जोर असतो! ठकूने पहिली मूठ तोंडाकडे नेली. तेव्हा कोंडाईने एका हाताने ती मूठ धरली आणि भाताच्या हंड्याला लाथ मारली.

चुकून पायाखाली शीत आलं तर वाकून हात डोळ्यांना लावणारं गाव ते. दुष्काळात, सदावर्ताचा, वाघजाईच्या नावाने शिजवलेला भात पायाने उलथला गेला आणि कातळभर पसरला. कोंडाईने ठकूला खाली पाडलं आणि तिच्यावर आडवी पडून राहिली. ठकूने तिला बोचकारलं, चावली, तोंडाला येईल ते बोलली. "तू माजी आय न्हवं," असंही म्हणाली. कोंडाई उठली नाही. त्याच दिवशी नव्याने उतरलेला एक गडी मात्र कुणी अडवायच्या आत कातळावरून मुठी भरभरून जेवला. दिवस मावळायच्या आत तो गेला. त्यानंतर कोंडाईला कुणी काही म्हटलं नाही.

कातळावरच्या भाताचं काय झालं, तर म्हणे तो धुतला तरी निघेना. घागरींनी पाणी ओतलं, केरसुणीने झाडलं, पावसाळा येऊन गेला. शितं दगडात रुतून बसली ती बसलीच. वाघजाईने ते पाप आपल्या दगडात सामावून घेतलं, असं काही म्हणतात. भालेकर आजोबा म्हणतात, पाप कसलं, खूण ठेवली तिने.

ठकू जगली. आईजवळच राहिली, आईच्या बरोबरीने सदावर्त चालवू लागली. बोलणं-चालणं सगळं नीट होतं. फक्त एक गोष्ट. तिने आईकडे पुन्हा कधी वाढ मागितली नाही. पहिल्या वेळी पानात पडेल तेवढं खायची आणि उठायची. कोंडाई रोज भाताचं भांडं घेऊन तिच्यासमोर उभी राहायची. न मागता वाढायला आता तिचा हात धजेना. तो हात तिला भिववायचा. आणि लेक मागेना. दुष्काळ सरला, वर पुन्हा ज्वाऱ्या डोलू लागल्या, नाळेतून बैल ये-जा करू लागले. कोंडाईचे केस पिकले. ती रोज उभी राहायची, आणि ठकू रोज पाणी पिऊन उठायची.

शेवटी कोंडाईने अंथरूण धरलं. अन्न उतरेना. ठकूने चुलीवरच्या सगळ्यांत जुन्या साली काढल्या. आईने दुष्काळाच्या वर्षी टांगलेल्या होत्या त्या, धुराने काळ्या झालेल्या. त्यांचा काढा करून ती आईला चमच्याने पाजत राहिली. करवंटीभर, मग थांबायचं, मग पुन्हा. पण तो थकवा पोटाचा नव्हता, त्याला काढा तरी काय करणार. एका दुपारी कोंडाईने तोंड फिरवलं आणि म्हणाली, "पुरे बाय. दमले मी."

ठकू चुलीपाशी गेली, भाताचं भांडं आणून आईच्या अंथरुणाजवळ ठेवलं, पळी तिच्या हातात दिली आणि समोर पान मांडून बसली.

"आये," ती म्हणाली, "वाढ ना गो."

कोंडाईने डोळे उघडले. तिला पळी उचलेना. ठकूने हात पुढे करून तिच्या हाताला आधार दिला. निम्मा भात पानात पडला, निम्मा जमिनीवर. ठकूने तो सगळा खाल्ला, जमिनीवरचाही वेचून. आणि पुन्हा म्हणाली, "आये, वाढ." कोंडाईने पुन्हा वाढलं. रडत होत्या दोघी. ढेकर येईपर्यंत ठकू मागत राहिली आणि आई वाढत राहिली. मग कोंडाईने पळी खाली ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली, ती पुन्हा उठली नाही.

आजही नांदळ्यात प्रत्येक चुलीवर सालींच्या माळा टांगलेल्या दिसतात. लेक सासरी निघाली की तिच्या जन्माच्या वर्षीची माळ तिच्या ओटीत घालतात. आजही पाहुण्याला आधी काढा देतात, मग पेज, मग घासभर भात. आणि मग बाई भांडं घेऊन उभी राहते. भात भरपूर असतो. तुम्ही मागाल तितका वाढतील, हाताच्या बाजूने वाढतील. फक्त मागावं लागतं.

एवढं सांगून भालेकर आजोबा ओट्यावरून उठतात, गुडघ्यांवर हात टेकून, सावकाश. आत अजून घरची बाई भांडं घेऊन तशीच उभी असते. आजोबा पाहुण्यांना म्हणतात, "जा आत. वाढ म्हणा तिला. केव्हाची उभी आहे."